बाराशे दोन, एक प्रश्नचिन्ह आणि बॉम्बचं चित्र

२० जुलै १९६९. चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर 'ईगल' हे यान खाली उतरत होतं. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांच्यासमोर इशाऱ्याचा दिवा लागला आणि संगणकाने चार आकडे दाखवले : १२०२. सोबत एक शब्दही नव्हता. उतरत राहायचं की मोहीम सोडून पुन्हा वर जायचं, हे काही सेकंदांत ठरवायचं होतं आणि त्या आकड्याचा अर्थ यानातल्या दोघांनाही ठाऊक नव्हता. आर्मस्ट्राँगने ह्यूस्टनकडे अर्थ विचारला. एरवी शांत असणाऱ्या त्याच्या आवाजात ताण आला होता.

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मार्गदर्शन यंत्रणेची जबाबदारी स्टीव्ह बेल्स या २६ वर्षांच्या तरुणाकडे होती. त्याच्या मदतीला मागच्या खोलीत जॅक गार्मन होता, वय २४. उड्डाणापूर्वीच्या सरावात असाच एक आकडा मुद्दाम दाखवला गेला होता आणि बेल्सने घाबरून उतरणं रद्द करण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला चुकीचा होता. त्यानंतर उड्डाण संचालक जीन क्रॅन्झ यांनी बजावलं, की संगणक दाखवू शकेल अशा प्रत्येक आकड्याचा अभ्यास झाला पाहिजे. गार्मनने ती सगळी यादी आपल्या हाताने लिहून काढली आणि टेबलावर ठेवली. त्या दिवशी त्याने यादीवर नजर टाकली आणि बेल्सला सांगितलं, हा इशारा सतत येत राहिला नाही तर धोका नाही. बेल्सने होकार दिला, यानाशी बोलणाऱ्या चार्ली ड्यूकने तो चंद्राकडे कळवला. पुढच्या काही मिनिटांत १२०२ आणि १२०१ हे इशारे मिळून पाच वेळा आले, आणि यान उतरलं.

त्या आकड्यामागे घडत होतं ते असं. यानाच्या संगणकात खोडून पुन्हा लिहिता येईल अशी स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती. दुसऱ्याच कामासाठीच्या एका रडारचा जोड त्या वेळी चालू होता आणि त्याच्याकडून येणाऱ्या निरर्थक संकेतांत संगणकाचा बराच वेळ वाया जात होता. नवीन कामाला जागा उरली नाही, की तो १२०२ दाखवायचा, कमी महत्त्वाची कामं टाकून द्यायचा आणि यान उतरवण्याचं काम जिथे होतं तिथून पुन्हा सुरू करायचा. अशी पडतं घेण्याची रचना एमआयटीच्या हॅल लेनिंग यांनी आधीच करून ठेवली होती. म्हणजे संगणक सांगत होता, 'काम फार झालंय, पण महत्त्वाचं मी सोडलेलं नाही.' हे एवढं आश्वासक वाक्य चार आकड्यांत बंद होतं आणि ते उघडण्याची किल्ली जवळजवळ चार लाख किलोमीटर दूर, एका कागदावर होती.

संगणकाच्या पडद्यावर उमटणारा प्रत्येक एरर मेसेज कुणा माणसाने दुसऱ्या माणसासाठी आधीच लिहून ठेवलेला असतो. तो लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना किती ओळखतात, यावर त्या संदेशाचं सारं भवितव्य ठरतं. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमधले विनोद, कोडी आणि तुटक उत्तरं यांचा इतिहास हा या ओळखीचा आणि ती हळूहळू तुटत जाण्याचा इतिहास आहे.

ओळखीच्या माणसांची भाषा

अपोलोच्या पडद्यावर फक्त आकडे दिसले, पण तो प्रोग्रॅम लिहिणारी माणसं कोरडी नव्हती. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झालेला कोड आज कुणालाही वाचता येतो. इंजिन पेटवण्याच्या भागाचं नाव आहे 'बर्न, बेबी, बर्न'. लॉस एंजेलिसमधल्या एका रेडिओ निवेदकाची ती ललकारी १९६५ च्या दंगलीत अमेरिकाभर पोहोचली होती. कळफलक आणि पडदा सांभाळणाऱ्या भागाला पिनबॉल या खेळाचं नाव दिलं आहे. त्या भागात अंतराळवीर 'क्रियापद' आणि 'नाम' अशा जोड्यांतून आज्ञा द्यायचे, म्हणून तिथे नाम-क्रियापदांवर बोलणारं शेक्सपिअरच्या नाटकातलं एक वाक्यही नोंदवलं आहे. एका ओळीशेजारी 'तात्पुरतं आहे, अशी आशा आहे, आशा आहे, आशा आहे' अशा अर्थाची टीप आहे, आणि ती ओळ तशीच चंद्रावर गेली. रात्र-रात्र जागणाऱ्या तरुणांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या या नोंदी होत्या. अंतराळवीरांपर्यंत त्या पोहोचायच्या नव्हत्या.

त्याच उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जच्या केन थॉम्पसनने पीडीपी-७ या जुन्या यंत्रावर युनिक्स ही प्रणाली लिहायला घेतली. तिच्यासाठी त्याने 'एड' नावाचा संपादक लिहिला. 'एड'ला एखादी आज्ञा कळली नाही, तर तो उत्तरादाखल एकच चिन्ह छापायचा : प्रश्नचिन्ह. फाइल सापडली नाही, तरी प्रश्नचिन्ह. आज्ञा चुकली, तरी प्रश्नचिन्ह.

त्याला कारणं होती. तेव्हा पडदे दुर्मिळ होते. टेलिटाइप नावाचं यंत्र खडखडाट करत कागदावर अक्षरं उमटवायचं, सेकंदाला दहा. लांबलचक वाक्य छापून होईपर्यंत माणसाला हात बांधून बसावं लागे. यंत्राची स्मृतीही तुटपुंजी, तिच्यात वाक्यं साठवणं ही चैन होती. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे वापरणारी मंडळी त्याच मजल्यावर बसत होती. आपण शेवटी काय टंकलं ते त्यांच्यासमोर कागदावर होतंच. तरीही नाही कळलं, तर थॉम्पसनला गाठून विचारता येत होतं. या प्रश्नचिन्हावर एक दंतकथाच तयार झाली. थॉम्पसनने स्वतः घडवलेल्या मोटारीत वेगाचा काटा नाही, पेट्रोलचा काटा नाही. काही बिघडलं की समोर एक भलंमोठं प्रश्नचिन्ह पेटतं, आणि अनुभवी चालकाला काय बिघडलंय ते बहुधा कळतंच. ही कथा युनिक्सच्या माणसांनी प्रेमाने जपली, कारण ते स्वतःला तो अनुभवी चालक समजत होते.

आग, टाइपरायटर आणि लॅटिन

युनिक्समध्ये प्रत्येक त्रुटीला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाला एक छोटं वाक्य. पंचविसाव्या क्रमांकाचं वाक्य होतं 'नॉट अ टाइपरायटर', म्हणजे 'हा टाइपरायटर नाही'. टेलिटाइपसारख्या यंत्राला लागू पडणारी आज्ञा साध्या फाइलला दिली, तर ते वाक्य अगदी बरोबर होतं. पण पुढे गंमत झाली. मजकूर छापण्यापूर्वी प्रोग्रॅम आतल्या आत चाचपून पाहायचा, की समोर टर्मिनल आहे की फाइल. फाइल असली की त्रुटीच्या खणात २५ हा आकडा पडायचा. तिथवर काहीच बिघडलेलं नसायचं, पण तो आकडा कुणी पुसत नसे. नंतर भलत्याच कारणाने काही अडलं, की प्रोग्रॅम त्याच खणात डोकावायचा आणि वापरणाऱ्याला सांगायचा, 'हा टाइपरायटर नाही'. त्यामुळे न पोहोचलेली ईमेल परत यायची, तेव्हा तिच्यावर कधीकधी हेच कारण लिहिलेलं असायचं. माणसं चक्रावून जात. पत्र पाठवलं माणसाला, त्यात टाइपरायटर आला कुठून? विनोद करायचा कुणाचाच हेतू नव्हता. जुन्या यंत्राच्या काळात लिहिलेलं अचूक वाक्य नव्या काळात भलत्या जागी पोहोचलं होतं. पुढे प्रमाणीकरणात ते वाक्य बदललं गेलं, पण नव्या वाक्याने सामान्य माणसाला अधिक काही कळलं असं नाही.

दुसरा प्रसिद्ध संदेश आहे 'एलपी-झिरो ऑन फायर' : पहिल्या क्रमांकाच्या प्रिंटरला आग लागली आहे. जुने लाइन प्रिंटर अजस्र आणि प्रचंड वेगवान असत. कागद अडकूनही यंत्र फिरत राहिलं, तर घर्षणाने कागद पेटण्याची भीती असायची, असं जुनी माणसं सांगत. मात्र या वाक्यामागचं तर्कशास्त्र साधं होतं, आणि लिनक्सच्या कोडमध्ये ते स्पष्ट दिसतं. प्रिंटर संगणकाला मोजकेच संकेत पाठवू शकतो. 'कागद संपला' हा संकेत असेल तर तसं सांगायचं. प्रिंटर बंद असेल तर तसं सांगायचं. कागद आहे, प्रिंटर चालू आहे, तरीही तो 'बिघाड' म्हणतोय, तर? लिहिणाऱ्याने तिथे आगीची बातमी दिली. काय झालंय हे कळायला मार्गच नाही, हे सांगण्याची ती त्याची तऱ्हा होती.

मल्टिक्स ही युनिक्सच्या आधीची, एमआयटीत जन्मलेली प्रणाली. तिच्यातल्या फायली झाडासारख्या रचलेल्या होत्या आणि झाडाला मूळ एकच. त्या मुळाला भाऊ निघणं ही कधीच घडू नये अशी गोष्ट. बर्नार्ड ग्रीनबर्ग या प्रोग्रॅमरने त्या अशक्य प्रसंगासाठी चक्क लॅटिनमध्ये संदेश लिहून ठेवला, 'आज मुळाला भाऊ जन्मला' अशा अर्थाचा. तो कधी छापला जाणारच नाही, अशी त्याची खात्री होती. एके दिवशी यंत्र बिघडलं, अशक्य ते घडलं आणि एका ग्राहकाच्या संगणकावर ते लॅटिन वाक्य उमटलं. सॉफ्टवेअरच्या जगात 'हे कधीच होणार नाही' असं ज्याबद्दल म्हटलं जातं, ते कधीतरी होतंच, याचं इतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

प्रोग्रॅमर मंडळी या सगळ्याची टिंगलही करत. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात डिजिटल कंपनीच्या संगणकांवर नवी फाइल उघडण्यासाठी 'मेक' ही आज्ञा होती. कुणी 'मेक लव्ह' असं टंकलं, तर यंत्र उलट विचारायचं, 'नॉट वॉर?' युद्धविरोधी तरुणाईची घोषणा अशी कळफलकावर पोहोचली. १९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची एक संगणकभाषाच रचली, तीही सगळ्या संगणकभाषांचं विडंबन म्हणून. तिच्यात 'प्लीज' हा शब्द ठरावीक प्रमाणात वापरावा लागतो. फार कमी वेळा वापरला, तर तुम्ही पुरेसे नम्र नाही म्हणून प्रोग्रॅम नाकारला जातो. फार वेळा वापरला, तर तुम्ही लाळघोटेपणा करता म्हणून नाकारला जातो. वरवर ही निव्वळ थट्टा वाटते. पण यंत्राच्या अनाकलनीय नकारांपुढे तासन्‌तास बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिच्यात आपली सारी घुसमट ओतली होती.

यंत्र घरात आलं

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि चित्र पालटलं. आता संगणकासमोर दुकानदार, हिशेबनीस, शाळकरी मुलं बसली. संदेश मात्र जुन्याच घडणीचे राहिले. फ्लॉपी न घालता पीसीवरच्या डॉस या प्रणालीला ती वाचायला सांगितली, की प्रश्न यायचा : 'अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?' १९८७ पासून त्यात 'फेल' हा चौथा पर्याय आला. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने प्रत्येक पर्याय निराळा होता. 'इग्नोर' म्हणजे काही झालंच नाही असं धरून पुढे चालायचं, म्हणजे माहिती बिघडण्याचा धोका पत्करायचा. समोर बसलेल्या माणसाला यातलं काही कळायला वाव नव्हता. तो पुन्हापुन्हा 'रिट्राय' दाबत राहायचा, आणि तोच प्रश्न पुन्हापुन्हा उमटायचा.

संगणक सुरू होताना कीबोर्ड जोडलेला नसेल, तर 'कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' असा अर्थ निघेल असा संदेश येई, आणि त्यावर जगभर लोक हसले. त्याचा उलगडा सोपा आहे. यंत्र एकामागून एक तपासण्या करायचं, सापडलेल्या दोषांची नोंद पडद्यावर द्यायचं आणि शेवटी सगळ्या दोषांसाठी एकच ठरलेली ओळ छापायचं. कीबोर्डच नसला तर त्या ओळीचं काय होईल, हा विचार राहून गेला.

या काळातले दोन संदेश मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पहिला १९८४ च्या मॅकिंटॉशवरचा. यंत्र कोलमडलं, की पडद्यावर पेटत्या वातीचा बॉम्ब यायचा. चित्रकार सुझन केअरने तो काढला, तेव्हा प्रोग्रॅमरांनी तिला सांगितलं होतं की हे चित्र सामान्य ग्राहकाला कधी दिसणारच नाही. ते दिसलं, आणि वारंवार दिसलं. एका बाईंनी कंपनीला फोन करून विचारलं, की माझा संगणक आता फुटणार का? केअरने हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. प्रयोगशाळेतली गंमत दिवाणखान्यात आली, की तिची भीती होते, हे त्या फोनने सिद्ध केलं.

दुसरा संदेश १९८५ च्या अमिगा संगणकावरचा. तो कोलमडला, की काळ्या पट्टीवर लाल चौकट उघडझाप करायची आणि आत 'गुरू मेडिटेशन' या शब्दांपुढे दोन लांबलचक आकडे यायचे. एक त्रुटीचा प्रकार सांगणारा, दुसरा स्मृतीतली जागा सांगणारा. हे नाव आलं त्यामागे एक खेळणं होतं. अमिगाची मंडळी आधी व्हिडिओ गेमसाठी 'जॉयबोर्ड' विकत असत, उभं राहून तोल सांभाळत खेळायची एक फळी. नवा संगणक घडवताना तो सारखा बंद पडायचा. तेव्हा वैतागलेले अभियंते त्या फळीवर मांडी घालून बसत आणि अजिबात न हलण्याचा प्रयत्न करत. मन शांत झालं, की पुन्हा कामाला लागत. आपल्या चुकांना सामोरं जाण्याची त्यांची ही रीत त्यांनी जगाला संदेशातून सांगितली. ज्यांना गोष्ट ठाऊक होती, त्यांनी त्या शब्दांना जीव लावला. ज्यांचं तासाभराचं काम जतन न होता गेलं होतं, त्यांना त्यात आपली थट्टा दिसली. अमिगाच्या पुढच्या आवृत्तीत गुरू गेला आणि साधं 'सॉफ्टवेअर फेल्युअर' उरलं.

आपल्याकडच्या कचेऱ्यांनाही अशी कोडी नवी नव्हती. लेझर प्रिंटरच्या चिमुकल्या पट्टीवर 'पीसी लोड लेटर' उमटायचं आणि छपाई थांबायची. पीसी म्हणजे संगणक असं वाटून लोक संगणकाकडे बघत बसत. तिथे पीसी म्हणजे कागदाची पेटी होती आणि लेटर म्हणजे अमेरिकेत चालणारा कागदाचा आकार. आपण वापरतो ए-फोर. दस्तऐवज अमेरिकन आकारात तयार झाला, की प्रिंटर जवळ नसलेल्या कागदाची वाट पाहत बसायचा.

शब्दांचं ओझं

हे बदललं पाहिजे असं म्हणणारा आवाजही तेव्हापासून होता. मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी १९८२ मध्येच संगणकाच्या संदेशांवर निबंध लिहिला. 'फेटल', 'इल्लीगल' यांसारखे दरडावणारे शब्द टाळा, चूक नेमकी कुठे आहे ते सांगा, पुढे काय करायचं ते सांगा, दोष माणसावर टाकू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून त्यांनी दाखवलं, की संदेश स्पष्ट असला तर चुका दुरुस्त करणं माणसांना अधिक जमतं.

उद्योगाला ते उमगायला फार वेळ लागला. तेरा वर्षांनी आलेल्या विंडोज ९५ मध्येही प्रोग्रॅम कोलमडला, की त्याने 'इल्लीगल ऑपरेशन' केल्याचं जाहीर व्हायचं. प्रोग्रॅमरच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता, की प्रोसेसरला न चालणारी एखादी कृती घडली. घरी नुकताच संगणक घेतलेल्या माणसाला वाटायचं, आपल्या हातून गुन्हा घडला. महाराष्ट्रात गल्लोगल्ली संगणकवर्ग उघडले, पुढे एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने लाखो लोकांना माउस हातात धरायला शिकवलं, तो काळ असल्याच संदेशांचा होता. संगणकाला हात लावला तर काहीतरी बिघडेल, ही अनेकांच्या मनातली भीती या शब्दांनी पोसली, असं माझं ठाम मत आहे.

पुण्या-मुंबईच्या ज्या तरुणांनी वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या, आणि त्याआधीच्या वर्षांत आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर काम केलं, त्यांना मात्र दुसरी बाजू ठाऊक आहे. 'सॉक सेव्हन' हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. एस-झिरो-सी-सेव्हन हा कोड आला, की आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी शिरलं आहे, हे त्यांना झोपेतही कळायचं. त्यांच्याजवळ आयबीएमच्या जाडजूड पुस्तिका होत्या, शेजारी अनुभवी सहकारी होता. गार्मनजवळ यादी होती, तशीच यांच्याजवळही होती. यादी हाताशी असली, की आकडा पुरतो.

विनोद संपला, असंही नाही. १ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर यांनी इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांच्या मालिकेत कॉफीची किटली चालवण्याचा एक प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं, तर तिने ४१८ हा क्रमांक द्यावा, म्हणजे 'मी चहाची किटली आहे'. २०१७ मध्ये तो क्रमांक काढून टाकण्याची सूचना पुढे आली, तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमरांनी विरोध केला आणि ४१८ राहिला. मला तो राहिल्याचा आनंद आहे. तो विनोद जाणकारांनी जाणकारांसाठी केलेला आहे आणि त्याने कुणाचं काम अडत नाही.

आज संदेश लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातलं अंतर कधी नव्हे इतकं वाढलं आहे. पुण्यात बसून लिहिलेलं वाक्य गडचिरोलीतल्या शेतकऱ्याच्या फोनवर उमटतं, आणि त्या क्षणी त्याचे पैसे अडकलेले असतात. त्याच्या शेजारी केन थॉम्पसन नसतो, हाताशी यादी नसते. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य त्याच्या दृष्टीने त्या जुन्या प्रश्नचिन्हाइतकंच मुकं आहे. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी तरुण-तरुणींना माझी विनंती आहे : तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'हे कधीच होणार नाही' असं समजून जी ओळ लिहाल, ती कुणीतरी वाचणार आहे हे धरून चाला. काय झालं, पैसे किंवा माहिती सुरक्षित आहे का, आणि आता काय करायचं, एवढं साध्या मराठीत लिहा. त्याला तीन वाक्यं लागतात, आणि आता त्यांना स्मृती पुरते.